वडीतून कापूर काढला: एका सिस्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सिस्टर, नमस्कार.

तुम्ही नावाच्या जागी 'निवृत्त परिचारिका, डोंबिवली' एवढंच लिहिलंय, म्हणून सिस्टरच म्हणते. सर्दीत नाक चोंदलं की आंघोळीच्या वेळी वापरायच्या, गरम पाणी पडलं की फसफसून वास सोडणाऱ्या शॉवर स्टीमरची, म्हणजे मी जिला 'वाफेची वडी' म्हटलं होतं तिची कृती मी गेल्या महिन्यात दिली होती. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पातेलं आणि टॉवेल घरात असताना हे परदेशी खूळ कशाला, हा तुमचा पहिला प्रश्न. पाण्याची ओरड असलेल्या शहरात दहा मिनिटं शॉवर सोडून उभं राहायला सांगणं शोभत नाही आणि कितीतरी घरांच्या मोरीत शॉवर नसतोच, हा दुसरा मुद्दा. मेन्थॉलने, म्हणजे दुकानात 'पुदिन्याचं फूल' म्हणून मिळणाऱ्या खड्यांनी, नाक 'उघडतं' हे चूक आहे, हा तिसरा. आणि कापूर घातलेली वस्तू 'घरातल्या सगळ्यांना चालेल' असं मी लिहिलं, हा निष्काळजीपणा. तिथे तुम्ही लिहिलंत, "कापूर पोटात गेलेल्या पोराला झटके येताना मी पाहिलंय, तुम्ही पाहिलेलं नाही."

खरंय, मी पाहिलेलं नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

कापूर आपल्या प्रत्येक देवघरात असतो. आरतीच्या ताटात पोरंच तो ठेवतात. एवढ्या सवयीच्या वस्तूची भीती मनातून निघून जाते, तशी माझ्याही गेली होती. कापूर अगदी थोडा, चमचाभराहूनही कमी, पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात आणि तेही फार लवकर, आधी काही लक्षण दिसायच्या आत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1980 च्या दशकातच बाम-मलमांमधल्या कापराला 11 टक्क्यांची मर्यादा घातली ती याच कारणाने. पूजेच्या कापराच्या वडीवर असलं कुठलं प्रमाण लिहिलेलं नसतं आणि मी तर लेखात 'देवघरातल्या चार वड्या कुटून घाला' असं लिहून बसले होते. ते वाक्य काढलंय. कृतीतून कापूर पूर्ण गेला.

वय लिहिलं नव्हतं, तेही आता लिहिलंय. दोन वर्षांखालच्या मुलाच्या आसपास ही वस्तू वापरायचीच नाही. नाकाजवळ आलेल्या मेन्थॉलच्या तीव्र वासाने तान्ह्या बाळाचा श्वास अडकू शकतो. त्याहून मोठ्या मुलांसाठी आधी डॉक्टरांना विचारायचं. दमेकरी, फिट येणारी माणसं आणि गरोदर बायका यांच्यासाठीही तेच. दम्यात उग्र वासानेच छाती आवळते, तिथे आराम राहिला बाजूला.

आता तुमच्या नजरेतून सुटलेली एक चूक मीच सांगते. लेखातला फोटो आठवतोय? मी ते मिश्रण मोदकाच्या साच्यात दाबलं होतं. सुबक कळीदार पांढरे मोदक, काचेच्या बरणीत भरलेले. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर तो फोटो पुन्हा पाहिला आणि पोटात गोळा आला. मोदकासारखी दिसणारी वस्तू आपल्याकडचं कुठलं मूल तोंडात घालणार नाही? आणि नाव काय दिलं, तर वडी. आपल्या घरात वडी म्हटलं की नारळाची, आल्याची, कोथिंबिरीची. कापूर काढला तरी यात निलगिरीचं तेल आहेच आणि पोटात गेलं तर तेही कापरासारखंच घातक असतं, मूल पेंगुळतं, झटके येतात. फोटो काढून टाकलाय. लेखात आता सगळीकडे 'ठोकळा' म्हटलंय, साचा म्हणून औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीचं प्लास्टिकचं झाकण वापरायला सांगितलंय आणि बरणीऐवजी घट्ट झाकणाचा, आतलं न दिसणारा डबा, वरच्या फळीवर, कुलुपात ठेवता आला तर उत्तम.

पण सिस्टर, पातेलं आणि टॉवेल यावर मात्र मला तुमच्याशी वाद घालायचा आहे.

आमच्या घरी दोन वर्षांपूर्वीपर्यंत वाफारा तसाच घेत होतो. जानेवारीत सासूबाईंना जबर सर्दी झाली. त्यांचं वय 74. पलंगाच्या कडेला बसून, समोरच्या स्टुलावर उकळत्या पाण्याचं पातेलं, डोक्यावरून टॉवेल. पाण्यात ओवा आणि तुळस घातलेली. मी स्वयंपाकघरात चपात्या लाटत होते. त्यांना खोकल्याची उबळ आली, गुडघा स्टुलाला लागला आणि सगळं पातेलं मांडीवर आलं. टॉवेलमुळे त्यांना काही दिसतही नव्हतं. शेजारच्या वहिनी टूथपेस्ट घेऊन धावत आल्या. मला नशिबाने एवढं ठाऊक होतं की फक्त नळाचं गार पाणी, वीस मिनिटं, दुसरं काही नाही. तसंच केलं. तरी पुढचे चाळीस दिवस ड्रेसिंग चाललं. त्या अजून डाव्या कुशीवर झोपत नाहीत.

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट असती तर मी लेख लिहिला नसता. कोविडच्या पहिल्या लाटेत सगळे जण वाफ घेत सुटले, तेव्हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2020 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात कळवलं होतं की वाफ घेताना भाजलेली मुलं त्यांच्याकडे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त येत आहेत. अशा भाजण्याचं नेहमीचं कारण तेच, कलंडलेलं भांडं. तुम्ही वॉर्डात काम केलंय. अशी भाजलेली माणसं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली असणार. तेव्हा पातेलं हे आपलं, जुनं आणि म्हणून सुरक्षित, हे मला पटत नाही. मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे पोरं पायात घुटमळतात, तिथे तर नाहीच.

त्यातून वाफाऱ्याने सर्दी लवकर बरी होते असंही नाही. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेनच्या अभ्यासात गरम दमट हवेचा सर्दीवर ठाम असा उपयोग दिसलेला नाही. म्हणजे बरं वाटावं म्हणून आपण ते करतो. मग बरं वाटण्यासाठी उकळतं पाणी अंगाजवळ कशाला?

इथे तुमचा मेन्थॉलचा मुद्दा येतो. तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. मी 'नाक उघडतं' लिहिलं होतं, ते आता 'नाक उघडल्यासारखं वाटतं' असं केलंय, आणि हा फरक मोठा आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये सर्दीवर आयुष्यभर काम केलेल्या रॉन एक्ल्स यांनी 1980 च्या दशकातच मोजून दाखवलं होतं की मेन्थॉल हुंगल्यावर माणसाला हवा मोकळी खेळतेय असं वाटतं, पण नाकातला अडथळा प्रत्यक्षात तेवढाच राहतो. नाकाच्या अस्तरात थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर एक ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन, असतो, मेन्थॉल त्याला चेतवतं आणि मेंदूला वाटतं गार हवा आत येतेय. हा ग्राहक 2002 मध्ये शोधून काढणाऱ्यांपैकी एक डेव्हिड ज्यूलियस. तापमान आणि स्पर्शाच्या ग्राहकांवरच्या कामासाठी त्यांना आणि आर्डेम पटापुटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं.

पण रात्री दोन वाजता तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडलेल्या माणसाला ते 'वाटणं' फार मोलाचं असतं. सासूबाई त्यानंतर तीन-चार तास झोपतात. ते मी स्वतः पाहिलंय आणि ते मी लेखातून काढणार नाही. फक्त खाली एक ओळ वाढवलीय: मोकळं वाटलं म्हणून दुखणं गेलं असं समजू नका. धाप लागली, छातीत घरघर आली, ताप तीन दिवसांवर गेला किंवा आठ-दहा दिवसांनी चेहरा एका बाजूला ठणकू लागला, तर डॉक्टरकडे जा.

पाण्याचं तुम्ही बोललात ते मला खरंच लागलं. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी टाकतो. दहा मिनिटं म्हणजे पाच-सहा बादल्या. ज्या शहापूर तालुक्यातल्या भातसा-तानसा धरणांतून आम्हा मुंबईकरांना पाणी येतं, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट बघतात. आणि माझं स्वतःचं बालपण गिरगावच्या चाळीत, सामाईक मोरीत, तांब्याने आंघोळ करण्यात गेलं. परदेशी कृती वाचून मी शॉवर तसाच उचलला, हे चुकलंच. गेले दोन आठवडे मी तोच ठोकळा बादलीच्या आंघोळीत वापरून पाहिला. स्टीलची पसरट थाळी मोरीच्या कोपऱ्यात, पायाखाली येणार नाही अशी ठेवायची. तीत ठोकळा ठेवायचा. आंघोळीला सुरुवात करताना त्यावर बादलीतलंच अर्धा तांब्या गरम पाणी घालायचं, पाच मिनिटांनी आणखी अर्धा. फसफसून वास उठतो आणि छोट्या मोरीत तो शॉवरपेक्षा जास्त टिकतो. पाणी वाया जातं ते एक तांब्या. थाळी एवढ्यासाठी की तेल फरशीवर पसरलं तर पाय घसरतो, आणि म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडणं सर्दीपेक्षा फार महाग पडतं.

आणखी एक गोष्ट, जी परदेशी कृतीत कधीच नसते. ती आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाची आहे. ज्यांचा गॅस गीझर बाथरूमच्या आत आहे, त्यांनी वाफ कोंडावी म्हणून खिडकी बंद करू नये. बंद जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. आंघोळीला गेलेलं माणूस चक्कर येऊन पडतं आणि बाहेरच्यांना वाटतं, सर्दीमुळे वेळ लागतोय. अशा घरात पाणी आधी बादलीत काढून घ्या, गीझर बंद करा, खिडकी उघडी ठेवा, आणि मगच ठोकळा. हे मूळ लेखात नव्हतं. आता पहिल्याच परिच्छेदात आहे.

नवी कृती इथेच देते, म्हणजे तुम्हाला तपासता येईल. खायचा सोडा 200 ग्रॅम, लिंबूसत्त्व 100 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 50 ग्रॅम, सगळं चाळून एकत्र. एवढा सोडा पूर्ण फसफसायला खरं तर दीडशे ग्रॅमच्या आसपास लिंबूसत्त्व लागेल. मी मुद्दाम कमी घेते, ठोकळा सावकाश विरतो. पुदिन्याचं फूल 4 ग्रॅम आणि निलगिरीचं तेल 4 मिलिलिटर एका काचेच्या वाटीत. फूल तेलात आपोआप विरघळतं. गॅसवर वितळवत बसायची गरज नाही, डोळ्यांची आग तरी होत नाही. हे कोरड्या मिश्रणात चोळायचं, हात न लावता, चमच्याने. मूठ वळली की दाबा. वळत नसेल तर सर्जिकल स्पिरिटचे दोन-तीन फवारे, शेगडीपासून लांब. पाणी घातलंत तर तिथेच फसफसून जाईल. याचे आठ ठोकळे होतात, म्हणजे एकात अर्धा-अर्धा ग्रॅमच औषधी भाग. परदेशी कृतींमध्ये याच्या दुप्पट-तिप्पट असतो, पण त्यांची न्हाणीघरं आपल्या स्वयंपाकघराएवढी असतात. पुदिन्याचं फूल मला प्रिन्सेस स्ट्रीटला मिळालं, ज्या दुकानातून आई अमृतधारेसाठी आणायची तिथेच. अमृतधारेत कापूर, पुदिन्याचं आणि ओव्याचं फूल एकत्र केलं की तिन्ही घन वस्तू पातळ होतात, ते लहानपणी डोळे विस्फारून बघायचे. तेव्हा हे सगळं परदेशी आहे असं मला वाटत नाही. फक्त सोडा आणि लिंबूसत्त्वाची जोड नवी.

पावसाळ्यात करू नका. जुलैत केलेले माझे ठोकळे रात्रीतून हवेतल्या ओलीने फुगून पापडासारखे भेगाळले. डिसेंबरात दोन दिवसांत दगडासारखे वाळतात.

तान्ह्या बाळांसाठी तुम्ही सांगितलेले केमिस्टकडचे नाकात घालायचे सलाइनचे थेंब, दूध पाजायच्या आधी, हे तुमच्या उल्लेखासकट लेखात घातलंय.

जुन्या कृतीने, कापूर घालून वड्या केल्याचे फोटो चौघींनी मला पाठवले होते. त्या चौघींना काल स्वतंत्र निरोप पाठवला, तिघींचं उत्तर आलंय, चौथीला आज फोन करते. आणखी कोणी केल्या असतील तर त्यांना विनंती, त्या कचऱ्याच्या डब्यात तशाच टाकू नका. कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर त्यांची पोरं असतात आणि त्या वड्या मोदकासारख्या दिसतात. खिडकी उघडून, बादलीभर पाण्यात पूर्ण विरघळवा आणि मोरीत सोडा.