‘थेंब पडतो तिथे सिलिकॉन मारा’: या सल्ल्याने डेक कुजतो

मे उजाडला की शिडाच्या बोटी बाळगणाऱ्यांच्या फोनवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: केबिनमध्ये थेंब पडतो त्याच्या बरोबर वर, डेकवर म्हणजे बोटीच्या माथ्यावर, पारदर्शक सिलिकॉनची नळी पिळा, 10 मिनिटांत काम फत्ते. तरी थोडं पाणी आलंच तर घाबरू नका, पावसाचं पाणी गोडं, बोटीला त्याचा अपाय नाही, बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या तळाशी साठलेलं पाणी उपसायला बिल्ज पंप आहेच. फारच काळजी वाटली तर वरून ताडपत्री टाका.

सल्ला सोपा आहे म्हणून पसरतो. पण 1970-80 च्या दशकांत बांधलेली फायबरग्लासची 25 ते 35 फुटी बोट ज्याच्याकडे आहे, त्याने तो पाळला तर नुकसान ठरलेलं. अशा बहुतेक बोटींचा डेक एकसंध नसतो. वर फायबरग्लासचा थर, खाली तसाच दुसरा थर आणि मध्ये बाल्सा लाकडाचा किंवा प्लायवुडचा गाभा. वजनाला हलका, पायाखाली ताठ. मेसेज लिहिणाऱ्याला हा गाभा ठाऊकच नसावा.

‘थेंबाच्या बरोबर वर गळती असते.’ जवळजवळ कधीच नसते. डेकला मध्ये फुगवटा असतो आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागे येताना उतारही असतो. पाणी स्टँचनच्या, म्हणजे कठड्याच्या उभ्या दांड्याच्या, बोल्टमधून आत शिरतं, छताच्या आतल्या अस्तरावरून सरकतं, वायरच्या नळीत घुसतं आणि चार-पाच फूट लांब, एखाद्या दिव्याच्या स्क्रूवरून खाली टपकतं. तुम्ही त्या दिव्याच्या वर सिलिकॉन मारता. बोट पाण्यात असताना एका जागी टपकतं. तीच बोट धक्क्यावर चढवून टेकूंवर उभी केली, नाक जरा खाली झालं, की थेंबाची जागा बदलते. मग लोक म्हणतात, नवीन गळती लागली!

शोध उलट्या बाजूने घ्यावा लागतो. आधी अस्तर खाली उतरवा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. मग एकाने आत बॅटरी घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून साधा पाइप सोडायचा, सर्वांत खालच्या फिटिंगपासून (डेकवर बोल्टने बसवलेल्या वस्तूपासून) सुरुवात करून हळूहळू वर. वरून सुरुवात केली तर ओघळ खालच्या सगळ्या फिटिंगवरून जातो आणि दोषी कोण ते कळत नाही. एका जागी 10 मिनिटं तरी पाणी चालू ठेवा. गाड्या धुण्याचा प्रेशर जेट मात्र वापरू नका. पाऊस कधी शिरणार नाही अशा फटीतही तो पाणी घुसवतो आणि भलतंच फिटिंग बदनाम होतं.

याहून चांगली युक्ती साबणाची. सगळ्या खिडक्या, झडपा आणि व्हेंट बंद करा, एका हॅचवर, म्हणजे डेकवरच्या झाकणाच्या तोंडावर, पुठ्ठा चिकटवून त्यातून पालापाचोळा उडवायचा ब्लोअर आत सोडा. केबिनमध्ये हलका दाब तयार होतो. बाहेर ब्रशने साबणाचं पाणी फिरवलं की पाणी जिथून आत शिरतं नेमकं तिथे फुगे येतात. आतला थेंब फक्त पाणी बाहेर पडायची जागा दाखवतो.

थेंब जिभेला लावून खारट लागला म्हणून तो समुद्राचाच, असंही समजू नका. डेकवर वाळलेलं मीठ पहिल्या सरीबरोबर विरघळून आत येतं. तासभर पाऊस कोसळू द्या, मग चाखा.

‘सिलिकॉन मारलं की काम फत्ते.’ डेकवरच्या फिटिंगसाठी सिलिकॉन हा सर्वांत वाईट पर्याय. जेलकोटवर, म्हणजे फायबरग्लासच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर, त्याची पकड फार दिवस टिकत नाही, कडेने पापुद्रा सुटतो. शिवाय त्याचा अदृश्य थर मागे राहतो, त्यावर पुढे ना रंग धरत, ना दुसरं सीलंट (फट बुजवणारा लगदा), ना नवं सिलिकॉन. आणि बाहेरून कडेला ओढलेली रेघ मूळ दुखण्यापर्यंत पोचतच नाही. दुखणं फिटिंगच्या खाली, बोल्टच्या भोकात असतं.

स्टँचनचंच बघा. दोन फूट उंचीचा दांडा, तळाला तीन-चार बोटं रुंद पाया. बोटीवर चढणारा प्रत्येक पाहुणा त्यालाच धरून स्वतःला वर ओढतो. वर 40 किलोचा हिसका बसला की तळाशी बोल्ट उपटणारा जोर त्याच्या आठ-दहा पट होतो. तिथे सिलिकॉनची रेघ काय टिकणार?

खरं काम असं. फिटिंग पूर्ण काढा. भोक मोठ्या ड्रिलने रुंद करा, कडेचा ओला गाभा उकरून काढा, उरलेला पूर्ण वाळू द्या, घट्ट केलेलं इपॉक्सी (सुकल्यावर कडक होणारं राळेसारखं रसायन) भरा. ते कडक झालं की त्यातून बोल्टच्या मापाचं नवं भोक पाडा. आता बोल्टभोवती लाकूड नाही, नुसतं इपॉक्सी आहे. उद्या सीलंटने दगा दिला तरी पाणी गाभ्यापर्यंत जाणार नाही. भोकाचं तोंड वरून किंचित खोलगट करा, बोल्टच्या मानेला ब्यूटाइल टेपची (चिकट, रबरासारख्या मऊ पट्टीची) वळकटी गुंडाळा, फिटिंगच्या पायाखालीही टेप लावा. आवळताना वरचा बोल्ट स्थिर धरून खालून नट फिरवायचा, नाहीतर बोल्ट फिरताना टेप पिळवटून फाटते. उन्हात दोन-तीन दिवस जाऊ देत थोडं थोडं आवळा. खाली वॉशरऐवजी रुंद धातूची पट्टी असेल तर उत्तम.

ब्यूटाइल सगळीकडे चालतं असंही नाही. डिझेलच्या झाकणाजवळ ते विरघळतं आणि पाण्याच्या पातळीखाली ते वापरत नाहीत. अ‍ॅक्रिलिकच्या खिडकीला पॉलिसल्फाइड हे सीलंट लावलं तर प्लास्टिक खराब होतं. 60 सेंटिमीटरची अ‍ॅक्रिलिकची काच 30 अंशांच्या फरकाने एक मिलिमीटरहून अधिक लांबते-आखडते, तिथे जाड, लवचिक थर हवा. त्या कामाला खास स्ट्रक्चरल सिलिकॉन योग्य. म्हणजे सिलिकॉनला जागा आहे, मेसेज सांगतो तिथे नाही.

‘पावसाचं पाणी गोडं, अपाय नाही.’ हे वाक्य तर साफ उलटं आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला गोडंच पाणी मानवतं, मीठ तिला रोखतं. जुन्या लाकडी जहाजांच्या फळ्यांमागे मुद्दाम मीठ भरत ते याचसाठी. दोन थरांत कोंडलेल्या बाल्साला तर वाळायला वाटच नसते. बाल्साच्या पाटाला वळणावर बसवण्यासाठी चिरा दिलेल्या असतात, त्या चिरांतून पाणी एका भोकापासून हातभर लांब जातं. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने डेक ठोकत जा. टणटणीत आवाज आला तर ठीक, भदभद आला तर तिथला गाभा कामातून गेला. मग वरचा थर कापून गाभा बदलणं, म्हणजे एका नळीच्या किमतीची गोष्ट राहत नाही.

शिडाच्या बोटीत आणखी एक धोका चेनप्लेटचा. डोलकाठीला तोलणाऱ्या तारा जिथे अडकतात त्या या पट्ट्या. स्टेनलेस स्टील ओलं राहिलं आणि त्याला हवा मिळाली नाही की डेकच्या जाडीत, डोळ्याआड, ते आतून चिरत जातं. बाहेर तपकिरी ओघळ दिसेल, फार तर. त्यावर सिलिकॉन मारणं म्हणजे उरलीसुरली हवाही बंद करणं.

यावर कोणी म्हणेल, मग लाकडी गाभ्याची बोट घेऊच नये. तसंही नाही. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादेई’ ही शिडाची बोट लाकडी गाभा आणि फायबरग्लासचीच. तिच्यावरून नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे 2009-10 मध्ये आणि अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. प्रश्न भोकं कशी बंद केली, याचा आहे.

बिल्ज पंपाचा भरवसा कुलाब्यात तरी देऊ नका. तिथे जून ते सप्टेंबरात साधारण 2,000 मिलिमीटर पाऊस पडतो. 15 चौरस मीटरच्या डेकवर 30,000 लिटर. टेकूंवर चढवलेल्या बोटीची बॅटरी चार्ज करायला कोणी नसतं. बुडाचा बूच काढून ठेवा आणि नाक थोडं वर ठेवा, म्हणजे कॉकपिटचं (मागे बसायच्या उघड्या खोलगट जागेचं) पाणी मागच्या मोऱ्यांतून जाईल. ताडपत्री टाका, पण ती ताणलेली आणि दोन्ही टोकांना उघडी हवी. सैल ताडपत्रीत पाण्याचे झोळ साठतात आणि वाऱ्यात तीच जेलकोट घासून काढते.

आणि बिल्जमध्ये पाणी दिसलं म्हणून लगेच डेकला दोष देऊ नका. डोलकाठी केबिनमधून खाली बोटीच्या तळाच्या कण्यावर टेकलेली असेल तर दोर आत जाण्याच्या खाचांतून पाऊस काठीच्या पोटात शिरतोच. डेकजवळचा रबरी पट्टा फक्त बाहेरचं पाणी अडवतो, आतलं नाही. ते कुठल्याही सीलंटने थांबत नाही. काठीच्या बुडाशी पाणी निघायचं भोक मळाने बुजलेलं नाही ना आणि तिथून बिल्जपर्यंतची वाट मोकळी आहे ना, एवढंच बघायचं.