नंदाला 'बिचारी' म्हणणं पुरे झालं आता

८ जानेवारी आणि २५ मार्च, अभिनेत्री नंदाची जयंती आणि पुण्यतिथी. या दोन्ही दिवशी आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास पडतो. कृष्णधवल फोटो, खाली 'घरच्यांसाठी आयुष्य वेचलं, लग्नही झालं नाही बिचारीचं' आणि हात जोडलेले इमोजी. कामाबद्दल जेमतेम एक ओळ, तीही 'छोटी बहन'मधल्या 'भैया मेरे, राखी के बंधन को निभाना' या राखीच्या गाण्याची. माझं डोकंच फिरतं.

तिचे वडील, नट-दिग्दर्शक मास्टर विनायक १९ ऑगस्ट १९४७ ला गेले. ('ब्रह्मचारी', 'ब्रँडीची बाटली' वाले विनायक. पाहिले नसतील तर आधी ते बघा, माझी पोस्ट कुठे पळून जात नाही.) तेव्हा नंदा आठ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी 'मंदिर'मध्ये बेबी नंदा दिसली, आणि मग घर तिच्या कमाईवर चालू लागलं.

याच विनायकरावांनी पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मुलीला आधार दिला होता. १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या लताला त्यांच्याच कंपनीत काम मिळालं, आणि १९४५ मध्ये ती मुंबईला आली ती कंपनीबरोबरच. म्हणजे ज्यांनी एका पोरक्या मुलीच्या घराची चूल पेटती ठेवली, त्यांच्याच मुलीवर तीच वेळ आली. पुढे १९६१ मध्ये 'हम दोनो'त 'अल्ला तेरो नाम' आलं. आवाज लताचा, पडद्यावर नंदा. पुढच्या वेळी ते गाणं लागेल तेव्हा एवढं लक्षात ठेवून ऐका.

दोघींनी लहानपणीच घर खांद्यावर घेतलं, दोघींनी लग्न केलं नाही. पण लताबाईंनी 'संगीताला वाहून घेतलं' आणि नंदा मात्र 'बिचारी'! का हो? नटीचं काम हे काम नसतं का?

बिचारी कसली! १९५६ मध्ये नात्यातल्याच व्ही. शांतारामांनी 'तूफान और दिया'त घेतलं. १९५९ च्या 'छोटी बहन'नंतर सगळ्या निर्मात्यांना ती बहीण म्हणूनच हवी होती. 'काला बाजार'मध्ये देव आनंदची बहीण झाली आणि पुढच्याच वर्षी 'हम दोनो'त त्याची बायको. त्या काळात बहिणीचा शिक्का पुसणं म्हणजे खायचं काम नव्हतं. 'आँचल'साठी फिल्मफेअरही मिळालं.

शशी कपूरचं तर लोक विसरूनच गेलेत. तो नवखा, पडेल नट होता, मोठ्या नायिका बिचकत होत्या. या बाईने त्याच्याबरोबर एक नाही, आठ सिनेमे साइन केले! 'चार दीवारी' चालला नाही, 'मेहंदी लगी मेरे हाथ' चालला नाही, तरी तिने साथ सोडली नाही. मग १९६५ मध्ये 'जब जब फूल खिले' आला आणि शशी कपूर स्टार झाला. इथे कुणी कुणाला तारलं? नायकाने असं केलं असतं तर 'दिलदार' म्हणून आपण त्याचे गोडवे गायले असते.

आणि 'इत्तेफाक'! १९६९ साल, यश चोप्रांचं दिग्दर्शन, एकही गाणं नाही, जवळजवळ सगळी गोष्ट एका रात्रीत आणि एका घरात. पावसाळी रात्री फरार आरोपी राजेश खन्ना घरात घुसतो, ही एकटी. पहिल्यांदा बघताना वाटतं, किती घाबरलीय. शेवट कळल्यावर पुन्हा बघा. तीच भेदरलेली नजर, तेच दचकणं, पण भीती वेगळ्याच गोष्टीची आहे. एकाच चेहऱ्यावर दोन्ही अर्थ बसवायचे आणि पहिल्या खेपेला दुसऱ्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, ही कारागिरी आहे. राखीच्या गाण्यातल्या बाईला हे जमेल असं किती जणांना वाटलं असेल?

पुढे 'आहिस्ता आहिस्ता' आणि 'प्रेमरोग'मध्ये पद्मिनी कोल्हापुरेची आई झाली, 'मजदूर'मध्ये दिलीपकुमारची बायको, आणि मग पडद्यावरून बाजूला झाली.

राहता राहिलं दिग्दर्शक मनमोहन देसाई प्रकरण. १९९२ मध्ये साखरपुडा, १९९४ मध्ये गिरगावात ते बाल्कनीतून पडून गेले. दुःखच ते, नाही कोण म्हणतं? पण फॉरवर्डवाले तिथूनच सुरू करतात आणि तिथेच संपवतात. पन्नाशी ओलांडल्यावर लग्नाला 'हो' म्हणणाऱ्या बाईची हिंमत त्यात कुणालाच दिसत नाही, याचं मला नवल वाटतं. ग्रुपवर एवढंच लिहिलं तर एका काकांनी 'तुम्ही फार मनाला लावून घेता' असं उत्तर दिलं. घेते, काका.