टेबलावरचे पुस्तक आणि न्यूटनचा तिसरा नियम : एक खुलासा

सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना बलाची ओळख करून देताना टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाची आकृती सर्रास वापरली जाते, आणि तिच्याखाली ‘पुस्तकाचे वजन ही क्रिया, टेबलाचा वरच्या दिशेचा रेटा ही प्रतिक्रिया’ असे लिहिलेले असते. हे विधान चुकीचे आहे.

ही दोन्ही बले एकाच वस्तूवर, म्हणजे पुस्तकावर, लागू होतात. न्यूटनने 1687 मध्ये मांडलेला तिसरा नियम सांगतो, की प्रत्येक क्रियाबलाला तितकेच, पण उलट दिशेचे प्रतिक्रियाबल असते; या नियमातील बलांची जोडी मात्र नेहमी दोन वेगवेगळ्या वस्तूंवर लागू होते. अर्धा किलो वस्तुमानाच्या पुस्तकाला पृथ्वी सुमारे 4.9 न्यूटन बलाने खाली ओढते, तेव्हा पुस्तकही पृथ्वीला तितक्याच बलाने वर ओढत असते, आणि वजनाची खरी जोडी हीच आहे. टेबलाच्या रेट्याची जोडी म्हणजे पुस्तकाने टेबलाला खालच्या दिशेने दिलेला रेटा.

वर्गात याची खातरजमा सहज करता येते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर पुस्तक ठेवून ते बोटाने हलकेच दाबले, की काट्यावरचा आकडा लगेच वाढतो, म्हणजेच काट्याचा वरच्या दिशेचा रेटा वाढतो. पुस्तकाचे वजन मात्र होते तेवढेच राहते. ही दोन बले क्रिया-प्रतिक्रियेची जोडी असती, तर ती कोणत्याही परिस्थितीत समानच राहिली असती. स्थिर पुस्तकाच्या बाबतीत ती समान दिसतात, कारण पुस्तक संतुलनात असते, म्हणजे त्याच्यावरचे एकूण बल शून्य असते, आणि हे स्पष्टीकरण पहिल्या व दुसऱ्या नियमाच्या कक्षेत येते. ज्यांनी ही आकृती फळ्यावर काढली असेल, त्यांनी पुस्तक व पृथ्वी यांच्या स्वतंत्र आकृत्या काढून बाण पुन्हा दाखवावेत, ही कळकळीची विनंती.