‘बाया नुसत्या नावाला’ : फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

ऊन तापलं की मराठवाड्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. टँकरच्या मुलखात उन्हाळी भाजीपाला म्हणजे पाण्याची नासाडी. शेडनेट हा पैसेवाल्यांचा खेळ. बचत गटाच्या बाया नुसत्या नावाला, शेती नवरेच करतात. आणि शेवटी भाव पडतोच.

पाण्याचा तर हिशेबच मांडता येतो. 1 गुंठा म्हणजे साधारण 100 चौरस मीटर. त्यावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 100 लिटर. उदाहरणाला कोथिंबीर घेऊ. मे महिन्यात तिला रोज 10 मिलिमीटर, असं सढळ हाताने धरलं तरी 5 गुंठ्यांना 5,000 लिटर होतात. 40 दिवसांत जुडी बाजारात, एकूण 2 लाख लिटर. एकरभर लावली तरी 16 लाख. एकर उसाला हात आखडून 1,500 मिलिमीटर धरा, 60 लाख लिटर होतात! त्यावर मेसेज का फिरत नाही? मात्र जिथे प्यायलाच टँकर येतो, तिथे मे महिन्यात वाफा करूच नये. तिथली बाई पावसाळ्यात उंच गादीवाफ्यावर कोथिंबीर घेते. पाणी साचत नाही, मुळं सडत नाहीत.

मेसेजवाले शेडनेट आणि प्लास्टिकने झाकलेलं महागडं पॉलिहाऊस एकच समजतात. बांबूचा मांडव आणि 50 टक्के सावलीची जाळी एवढ्यावर कोथिंबिरीचं भागतं. तिचं दुखणं ऊनच : तापलेल्या मातीत धने नीट उगवत नाहीत, उगवले तरी झाड लवकर फुलावर येतं. वावटळीत जाळी फाटते, हे मात्र खरं. तेवढं लिहिलं असतं तर मान्यच केलं असतं.

राहिलं ‘नावाला’. खुरपणी, काढणी, जुड्या बांधणं कोण करतं, हे कुणालाही विचारा. अनुदानाला सातबारा लागतो आणि तो बहुधा नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, केंद्राने 2005 मध्ये. पण भावासाठी हक्कसोडीवर सही करणाऱ्या कितीतरी जणी आहेत. लक्ष्मीमुक्ती या सरकारी योजनेखाली सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागतं, पण अर्ज नवऱ्यानेच द्यायचा! म्हणजे नाव त्याचं आणि खुरपं तिचं. मेसेजमध्ये नेमकं उलटं लिहिलंय.

भाव पडतो, खरंय. म्हणूनच जाणती बाई सगळे धने एकदम टाकत नाही, आठ-आठ दिवसांनी एकेक गुंठा पेरते. एका पडलेल्या बाजारात सगळं पीक जात नाही. आठवडी बाजारात स्वतः बसली तर मधल्या व्यापाऱ्याचा वाटाही वाचतो.