खेळणी चितारआळीतली घ्या

दिवाळीला मुलांना स्वस्तात काय द्यावं, यावरच्या एका लेखातली कागदी कंदिलाची कल्पना आवडलीच. पण कोकणात उतरणाऱ्या चाकरमान्यांनी मुंबईहून प्लास्टिकच्या गाड्या भरून आणू नयेत असं मनापासून वाटतं. सावंतवाडीच्या चितारआळीत जा. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची रंगीत फळं, भाजी, भोवरे, भातुकली मिळते. मुलांना निवडू द्या, वेळ लागला तरी चालेल. थोड्या मोठ्या मुलांना दशावतारी गंजिफा हा जुना पत्त्यांचा खेळ दाखवा: 10 अवतारांची प्रत्येकी 12, अशी 120 गोल पानं. हाताने रंगवलेला पूर्ण संच महागच, आणि त्या कष्टांची किंमत पाडून मागूही नये. त्यापेक्षा पुठ्ठ्याच्या चकत्या कापून घरीच रंगवा. मत्स्य, कूर्म, वराह काढता काढता आजी गोष्टी सांगेलच. आमच्याकडची मुलं तर जेवायला उठत नाहीत.

मोठ्यांसाठी घरचं कोकम आगळ, कुळथाचं पीठ पुरे. आणि गावच्या म्हाताऱ्या माणसांना वस्तूपेक्षा नातवंडांचे फोटो छापून द्या हो. मोबाइलमधले त्यांना नीट दिसत नाहीत.