हेडसेट, रात्रपाळी आणि दहा मिनिटांचा एकांत: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

मालाडच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांना व्हीआर हेडसेटमधून (डोळ्यांवर लावून आभासी जग दाखवणाऱ्या यंत्रातून) समुद्रकिनारा दाखवणे म्हणजे पाळ्या, टार्गेट आणि अपुरे मनुष्यबळ या मूळ दुखण्याकडे पाठ फिरवणे होय, असा आपला आक्षेप आहे. त्याला बळ देणारा पुरावा आधी मांडतो. ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवर आधारलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. माइंडफुलनेस (चालू क्षणावर लक्ष ठेवण्याचा सराव), ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, वेलनेस ॲप अशा उपक्रमांत भाग घेणारे कर्मचारी न घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुस्थितीत असल्याचे त्यात आढळले नाही. त्यामुळे हेडसेट आणून कामाचा बोजा तसाच ठेवणाऱ्या कंपनीला माझाही विरोधच आहे.

मात्र ‘आधी पाळ्या सुधारा, तोवर हे नको’ हे आपले म्हणणे मला मान्य नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाळ दरीचे आभासी जग तयार केले. जखमेची साफसफाई सुरू असताना मन त्या दृश्यात गुंतल्यामुळे रुग्णांना वेदना कमी जाणवल्या. जखम त्याने भरत नव्हती, ती भरण्याचे उपचार वेगळे चालूच होते. पण म्हणून तेवढ्या वेळेपुरता मिळणारा आराम कोणी नाकारला नाही. शिवीगाळ करणाऱ्या ग्राहकाचा कॉल संपताच दुसरा घ्यावा लागणाऱ्या मुलीला मधली दहा मिनिटे मिळणे मला याच कारणासाठी मोलाचे वाटते. शिवाय मुंबईत घरी, लोकलमध्ये आणि कचेरीत, कुठेही एकांत मिळत नाही. पॅन्ट्रीतसुद्धा टीम लीडर समोर बसलेला असतो.

ही दहा मिनिटे पगारी हवीत, जेवणाच्या सुट्टीतून कापलेली नकोत, आणि हेडसेट नाकारणाऱ्यालाही तेवढीच विश्रांती मिळायला हवी. दृश्ये स्थिर असावीत, कारण डोळ्यांना हालचाल दिसते आणि आतल्या कानाला ती जाणवत नाही, तेव्हा अनेकांना मळमळते. (आपल्याकडच्या दमट हवेत चेहऱ्याला टेकणारी गादी प्रत्येक वापरानंतर पुसावी लागेल, हेही कोणाच्या तरी कामात लिहिलेले असावे.)

माझी मोठी चिंता वेगळी आहे. हेडसेट डोक्याच्या आणि हातांच्या हालचाली टिपतो, काही हेडसेट नजरही टिपतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा मालकाला आहे; त्यामुळे केवळ कायद्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. कोण किती वेळा हेडसेट लावतो, ही माहिती एचआरपर्यंत पोहोचली, तर ज्याला सर्वाधिक गरज आहे तोच त्यापासून दूर राहील. आपल्या कचेरीत हे यंत्र येणार असेल, तर या नोंदी कुठे साठवल्या जातील आणि कोणाला दिसतील, याचे लेखी उत्तर सर्व सहकाऱ्यांनी मिळून आधी मागावे, आणि ते मिळेपर्यंत कोणीही हेडसेट लावू नये.