अपघात झाला नाही म्हणजे झालं?

"नोंदी खोट्या निघाल्या, पण अपघात एकही झाला नाही" हे एअर ट्रॅफिक कंट्रोलरच्या (विमानांना रेडिओवरून सूचना देणाऱ्यांच्या) ट्रेनिंगचे तास खोटे लिहिल्याबद्दलच्या लेखातलं वाक्य वाचून डोकंच सटकलं. टॉवरमध्ये ट्रेनी शिकत असतो तेव्हा शेजारी इन्स्ट्रक्टर त्याच कन्सोलला आपला हेडसेट लावून बसलेला असतो, पोरगं चुकलं की तोच मध्ये बोलून सावरतो. खोटे तास लिहून रेटिंग (एकट्याने काम करायची परवानगी) दिलं की तो दुसरा हेडसेट निघतो, मग धो धो पाऊस, गो-अराउंड (उतरता उतरता विमान परत वर जाणं), रेडिओ फ्रिक्वेन्सीवर सगळे पायलट एकदम बोलतायत आणि हा एकटा.

मी या लाइनीत होतो, एअरपोर्टचं नाव नको. पहाटे तीन ते पाच एखादंच विमान यायचं, ट्रेनी चहा आणायला गेलेला, तरी दोन तास पूर्ण लिहून सह्या व्हायच्या, मीही केल्यात, खोटं कशाला बोलू. आणि २०११ विसरलात का? गोव्यात एका पायलटने विमान मागच्या मुख्य चाकांऐवजी आधी पुढच्या चाकावर टेकवलं, त्या लँडिंगची चौकशी झाली तेव्हा कुठे लायसन्ससाठी दिलेल्या बनावट मार्कशीट बाहेर आल्या, तोवर ते कागद डीजीसीएच्याच (लायसन्स देणाऱ्या सरकारी विमान खात्याच्याच) फायलीत होते!